एका संगणकावर दोन कार्यप्रणालींचा संसार

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील बैलबाजारासाठी ठाणे जिल्ह्यात सर्वज्ञात आहे. मात्र अशा गावांतील झेरॉक्सच्या दुकानात, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी असलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक सध्या एका वेगळ्याच पेचात सापडला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवण्यात आली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालू स्थितीतील यंत्र केवळ नियमामुळे बाद ठरते.

लिनक्स हा यावरचा विनामूल्य पर्याय. परंतु विंडोज पूर्णपणे काढून टाकणे अनेकांना परवडत नाही, आणि त्याची कारणे अस्सल मराठी आहेत. लग्नपत्रिका आणि फलक तयार करणाऱ्यांचे काम वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा आकृती या विंडोजवरील सॉफ्टवेअरमध्ये झालेले असते. त्या जुन्या फाइली मूळ फॉन्टशिवाय उघडल्या, तर मराठीऐवजी निरर्थक अक्षरांची रांग दिसते. एमएस-सीआयटीचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यालाही विंडोजच लागते. अशा वेळी दोन्ही कार्यप्रणाली एकाच संगणकावर शेजारी-शेजारी नांदवणे, म्हणजेच ड्युअल बूट, हा मधला मार्ग उरतो.

यातील तत्त्व सोपे आहे. हार्ड डिस्कचे भाग पाडता येतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. संगणक सुरू होताच ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम पडद्यावर यादी दाखवतो आणि कोणती कार्यप्रणाली सुरू करायची ते विचारतो. एका वेळी एकच चालते, त्यामुळे जुन्या यंत्राच्या मेमरीवर दुप्पट भार पडत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनपेक्षा ही पद्धत चार जीबी रॅमच्या संगणकाला अधिक मानवते.

अडचण येते ती भाग पाडताना. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर प्रकारच्या डिस्कवर मुख्य पार्टिशन चारच करता येतात. कंपनीकडून आलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये बूटचा लहान भाग, सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि रिकव्हरी असे चारही भाग आधीच भरलेले असतात. सी ड्राइव्ह आकसून जागा रिकामी केली, तरी तिथे पाचवा भाग होत नाही. त्यातून विंडोजच्या साधनाने तो करण्याचा हट्ट धरला, तर डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याची परवानगी मागितली जाते. ती देणे म्हणजे पुढे लिनक्सची वाट स्वतःच अडवणे होय. डी ड्राइव्हवरील मजकूर दुसरीकडे हलवून तो भाग काढावा आणि त्याच जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करावे, हा यावरचा सरळ उपाय. नव्या जीपीटी प्रकारच्या डिस्कवर १२८ भागांची सोय असल्याने ही कटकट उद्भवत नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केल्यास विंडोज स्वतःलाच पुढे करते आणि लिनक्स असूनही यादीत दिसत नाही. दुकानात नुसते ‘विंडोज मारून द्या’ असे सांगितले, की हाच प्रकार घडतो. फॉरमॅटच्या सपाट्यात लिनक्सचा भागही जातो, हे ग्राहकाला घरी आल्यावर कळते.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद करावी. ती सुरू असताना संगणक खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलेली नसेल, तर पुढे जाऊच नये. पार्टिशन हलवले जात असताना वीज गेली, तर दोन्हीकडचे सर्व गमावण्याची वेळ येते. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या भागात यूपीएस किंवा भरलेल्या बॅटरीचा लॅपटॉप ही चैन नव्हे.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स काहीही न बसवता चालवून पाहता येते. प्रिंटर, वाय-फाय आणि स्कॅनर ओळखला जातो की नाही, ते तिथेच तपासून घ्यावे. उबुंटूला सुमारे २५ जीबी जागा लागते. कमी मेमरीच्या यंत्रासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्ये मराठीचीही सोय करण्यात आली होती. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी टपालाने मोफत घरपोच येत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही तयार केले आहेत. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच असल्याने युनिकोडमध्ये टंकलेखन करणाऱ्याची बोटे अडखळत नाहीत.

एक गंमत मात्र अनेकांना गोंधळात टाकते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते. सेल संपला समजून काही जण तो बदलतातही. वास्तविक लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेनुसार लावते आणि विंडोज तीच वेळ भारतीय समजून दाखवते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली की भागते.

लिनक्स नको झाल्यास त्याचा भाग थेट पुसू नये. ग्रबचा आधार नाहीसा होऊन काळ्या पडद्यावर संगणक अडकतो. आधी विंडोजच्या दुरुस्ती डिस्कने मूळ बूट पूर्ववत करावे, नव्या यंत्रात बायोसच्या सेटिंगमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर आणावे, आणि ते नीट सुरू होते याची खात्री पटल्यावरच ती जागा मोकळी करावी.