बंदरावरचा दुभाष्या

न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये १९०७ च्या सुमारास आल्डरमन, म्हणजे तिथले नगरसेवक, लग्नं लावत. स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावर उतरलेल्या एखाद्या मुलीला न्यायला तिचा नियोजित नवरा आला, की जोडप्यासोबत सरकारी दुभाष्या धाडला जाई. काही आल्डरमन प्यायलेले असत. विधीचे शब्द फिरवून ते चावट विनोद करत, भोवतीचं टोळकं खिदळे. वधूवरांना त्यातलं अवाक्षर कळत नसे. कळे ते फक्त दुभाष्याला.

हा दुभाष्या म्हणजे फिओरेल्लो ला गार्डिया. पगार वर्षाला १२०० डॉलर. दिवसा बेटावर राबायचं आणि संध्याकाळी न्यूयॉर्क विद्यापीठात कायदा शिकायचा.

बाप इटालियन, अमेरिकन लष्करात बँडमास्तर. आई त्रिएस्तची ज्यू. पोराचं बालपण ॲरिझोनाच्या छावणीत गेलं. पुढे फियुमे बंदरात अमेरिकेचा वाणिज्य प्रतिनिधी असताना त्याने एक हट्ट धरला: स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्यापूर्वीच व्हायला हवी. घरदार विकून निघालेल्या माणसाला समुद्र ओलांडल्यावर डोळ्यांच्या रोगापायी परत पाठवायचं, हे त्याला पटेना. जहाज कंपनी चिडली, वरिष्ठही वैतागले. पण पठ्ठ्या हटला नाही. १९०६ मध्ये नोकरी सोडून तो मायदेशी परतला.

१९१० मध्ये तो वकील झाला. अशिलं बहुतेक फाटक्या खिशाची. १९१२-१३ च्या शिवणकामगारांच्या संपात तो संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. १९१५ मध्ये राज्याचा उपमहाधिवक्ता, १९१६ च्या निवडणुकीत काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य, मग महायुद्धात इटलीतल्या हवाईदलाच्या तळावर. आणि १९१९ मध्ये? थेट आल्डरमन मंडळाचा अध्यक्ष! ज्या सभागृहातल्या मंडळींची थेरं त्याने पाहिली होती, तिथेच आता हातोडा त्याच्या हाती आला.

१९२१ मध्ये महापौरपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी तो पक्षश्रेष्ठींच्या मनाविरुद्ध उभा राहिला आणि आपटला. त्याच वर्षी क्षयाने आधी तान्ही लेक, मग बायको गेली.

पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या निवडणुकीत विरोधकांनी तो ज्यूद्वेष्टा असल्याची आवई उठवली. आईचा धर्म सांगून त्याला मोकळं होता आलं असतं. ते त्याने केलं नाही. ज्यू प्रतिस्पर्ध्यालाच आव्हान दिलं की आपण जाहीर वाद घालू, पण अथपासून इतिपर्यंत यिडिशमध्ये. प्रतिस्पर्ध्याला यिडिश येत नव्हती. ला गार्डिया थोडक्या मतांनी निवडून आला.

१९२९ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत महापौर जिमी वॉकरने त्याला सपशेल लोळवलं. १९३२ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीने वॉकरला राजीनामा द्यावा लागला, पण त्याच नोव्हेंबरात ला गार्डियाची काँग्रेसची जागाही गेली. १९३३ मध्ये महापौरपदासाठी टॅमनी हॉलविरुद्ध, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेविरुद्ध, संयुक्त उमेदवार शोधणाऱ्यांपैकी अनेकांना हा तापट माणूस नकोच होता. त्या चौकशीचे सूत्रधार सॅम्युएल सीबरी मात्र त्याच्यासाठी अडून बसले, आणि उमेदवारी त्याच्या पदरात पडली.