अंदमानची सहल आणि पावसाची सरासरी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की आपण एका बातमीची वाट पाहतो : मान्सून अंदमानात पोचला! आणि त्याच सुट्टीत आपण अंदमानची तिकिटंही काढतो. म्हणजे ज्या पावसाकडे इथं डोळे लावून बसायचं, त्याच्याच पुढ्यात तिथं जाऊन उभं राहायचं.

तिथला कोरडा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. पण हीसुद्धा सरासरीच. सरासरी अनेक वर्षांची असते, आपली सहल पाच दिवसांची. समुद्र खवळला की स्वराज द्वीपची बोट रद्द होते. म्हणून हंगाम पाहून महिना ठरवावा, आणि परतीच्या विमानाआधीचा एक दिवस पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, मोकळा ठेवावा. बोट वेळेवर सुटली, तर त्या दिवशी सेल्युलर जेल निवांत पाहून होतं.