विश्लेषण : नजरेची उडी मंदावते तेव्हा… मेंदूच्या देठातला बिघाड डोळे कसा सांगतात?

माळीवाडा बसस्थानकात एसटी फलाटाला लागते. प्रवासी पाटीवरचे 'शेवगाव' वाचतो, मग वाहकाकडे बघतो, मग पिशवीकडे. या दोन-तीन क्षणांत त्याच्या डोळ्यांनी कितीतरी उड्या मारलेल्या असतात. नजर 'फिरवली' असे आपण म्हणतो, पण एका वस्तूवरून दुसरीवर जाताना ती फिरत नाही, उडते. वैद्यकात या उडीला 'सॅकेड' म्हणतात. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो. ही उडी मंदावली, तर दोष बहुधा डोळ्यात नसतो, मेंदूच्या देठात असतो. हे ज्या संशोधनाने ठळकपणे जगापुढे आले, ते मुंबईत झाले.

उडीचा आदेश कोठून सुटतो?

मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा बोटाएवढा भाग म्हणजे ब्रेनस्टेम, मेंदूचा देठ. श्वास, गिळणे, जागे राहणे ही कामे येथूनच चालतात. प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू आणि त्यांच्यासाठीच्या तीन नसा (तिसरी, चौथी आणि सहावी) यांची केंद्रेही येथेच आहेत. देठाच्या मधल्या फुगीर भागाला पॉन्स म्हणतात. डावी-उजवीकडच्या उडीचा आदेश तिथल्या काही पेशींकडून सुटतो. वर-खाली बघण्याचा आदेश त्याच्या वरच्या भागातून, मध्यमेंदूतून येतो.

उजवीकडे बघायचे तर उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच क्षणी आखडले पाहिजेत. दोन्ही डोळ्यांच्या अशा जोडीच्या हालचालीला इंग्रजीत 'कॉन्ज्युगेट' म्हणतात. त्या शब्दाचे लॅटिन मूळ आणि आपले बैलांचे 'जू' हे एकाच कुळातले शब्द आहेत. उसाच्या बैलगाड्या पाहिलेल्या जिल्ह्याला वेगळे समजवायला नको. एक बैल मागे राहिला की गाडी वाकडी जाते, एक डोळा मागे राहिला की एकाचे दोन दिसतात.

'जे.जे.'तली नऊ कुटुंबे

डॉ. नोशिर वाडिया हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांच्याकडे तोल जाणारे, बोलणे अडखळणारे काही रुग्ण आले. आजार घराण्यात चालत आलेला होता. लहान मेंदू झिजल्याने तोल जाण्याचे असे आजार तेव्हाही माहीत होते. वाडियांना वेगळे दिसले ते डोळे. रुग्ण एका वस्तूवरून दुसरीकडे बघताना डोळा उडत नव्हता, सरपटत होता. नजर पोहोचवायला काही जण आधी मानच वळवत. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती 'ब्रेन' या ब्रिटिश नियतकालिकात मांडली आणि हा वेगळा आजार असल्याचे सांगितले. तेव्हा सीटी स्कॅनही रुग्णालयांत पोहोचला नव्हता. हाताशी होते ते निरीक्षण आणि रुग्णाच्या घरच्यांशी केलेली चौकशी.

या रुग्णाला समोर एकटक बघायला लावून डॉक्टर त्याची मान झटकन वळवतात, तेव्हा डोळे उलट दिशेला नीट वळतात. म्हणजे बैल धडधाकट, जूही शाबूत. हाकणाऱ्याची हाकच क्षीण झालेली.

पुढे १९९६ मध्ये या आजाराचे जनुक सापडले. त्याला आज 'स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार २', थोडक्यात 'एससीए-२' म्हणतात. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा प्रमाणाबाहेर वेळा लिहिला जातो. १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत त्याची पडताळणी केली आणि मंद नजर हीच निदानाची मोठी खूण असल्याचे पुन्हा दाखवले. जगात या आजाराचे सर्वाधिक प्रमाण क्युबातल्या ओल्गिन प्रांतात आहे.

कुटुंबाला याचा उपयोग काय?

आजार बरा करणारे औषध अजून नाही, हे आधीच सांगितलेले बरे. व्यायाम, तोल सावरण्याचे प्रशिक्षण आणि गिळण्याकडे लक्ष यांनी आयुष्य सुसह्य होते. पण नाव कळणे हीही छोटी गोष्ट नाही. झोक जाणाऱ्या माणसावर 'पिऊन आला' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. घराण्यात दोघा-तिघांना त्रास असला की शाप आणि करणीची चर्चा सुरू होते. आई किंवा वडील बाधित असतील, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, आजार येण्याची शक्यता निम्मी असते. पुढच्या पिढीत तो अनेकदा लवकर दिसतो. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणी होते. त्रास नसलेल्या सज्ञान व्यक्तीने ती करायची की नाही, हे समुपदेशनानंतर तिनेच ठरवायचे असते. सासरच्यांनी किंवा लग्न जुळवणाऱ्यांनी नव्हे. त्रास नसलेल्या लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत.

मंद नजर आणि अचानक बिघडलेली नजर

'एससीए-२' वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. जिना उतरताना खाली बघता न येणे आणि वारंवार मागे पडणे हे उतारवयात दुसऱ्या एका मेंदूविकाराचे लक्षण असू शकते. दारूचे व्यसन किंवा दीर्घ उपासमार असलेल्याचे डोळे अडखळू लागले, तोल गेला, बरळणे सुरू झाले, तर बी-१ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. तो इंजेक्शनने भरून काढता येतो, मात्र उशीर झाला तर स्मृती कायमची जाते.

खरी धावपळ हवी ती अचानक बिघाडात. एकाएकी दोन दिसू लागणे, एक पापणी खाली पडणे, डोळे एकाच बाजूला अडकणे आणि सोबत उभेच राहता न येणारी चक्कर, ही देठातल्या पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. हात-पाय चालत असतात, म्हणून 'पित्त झाले' किंवा 'मणक्याचा त्रास' म्हणून दिवस काढला जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडच्या टोकाकडून मोठे रुग्णालय गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून १०८ ला फोन करतानाच पक्षाघाताचा संशय सांगावा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय विचारावे. त्रास नेमका कधी सुरू झाला, ती वेळ लिहून ठेवावी. झोपेतून उठल्यावरच लक्षात आले असेल, तर रात्री झोपताना माणूस ठीक होता ती वेळ डॉक्टर धरतात.