हिरोशिमाचे राष्ट्ररक्षक मंदिर

जपान म्हटले की आपल्याला बौद्ध विहार आठवतात. परंतु तेथे शिंतो हा प्राचीन धर्मही आहे. त्याची बरीच मंदिरे आपल्याकडील ग्रामदैवतासारखी, गावाचे रक्षण करणाऱ्या देवतेची असतात. 'गोकोकु' मंदिरे मात्र निराळी. गोकोकु म्हणजे राष्ट्ररक्षण. तेथे युद्धात मरण पावलेल्या माणसांनाच देव मानून पुजले जाते. हिरोशिमाचे गोकोकु मंदिर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१८६८ साली जपानमध्ये सम्राटाची सत्ता पुन्हा स्थापन झाली. शतकानुशतके एकत्र नांदलेली बौद्ध व शिंतो उपासना नव्या सरकारने हुकमाने वेगळी केली. अनेक ठिकाणी बुद्धमूर्तींची मोडतोड झाली. त्याच साली, सम्राटाच्या बाजूने लढताना पडलेल्या हिरोशिमा संस्थानच्या ७८ जणांसाठी हे मंदिर उभारण्यात आले.

१९३४ साली ते शहराच्या मध्यभागी, लष्करी कवायतीच्या मैदानावर हलविले गेले. १९३९ साली सरकारने देशभरातील अशा मंदिरांना 'गोकोकु' हे नाव दिले. शोक करण्याची जागा आता तरुणांना मरणासाठी तयार करण्याचे साधन बनली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी मंदिराच्या अगदी जवळ अणुबॉम्ब फुटला. मंदिर भस्मसात झाले. दगडी तोरण मात्र उभे राहिले. त्या सकाळी १२-१३ वर्षांची शाळकरी मुले सरकारच्या हुकमावरून शहरात घरे पाडण्याच्या कामाला लावलेली होती. त्यांतील हजारो मुले दगावली.

युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, शिंतोचा राजाश्रय काढून घेण्यात आला. १९४७ च्या संविधानाने धर्म व शासन यांची फारकत केली. पुढे १९५६ साली हिरोशिमाच्या किल्ल्याच्या आवारात हे मंदिर पुन्हा उभे राहिले. ते जुने तोरणही तेथेच आणले गेले. आज तेथे सुमारे ९२,००० मृतांची पूजा होते. त्यांत कामाला जुंपलेले विद्यार्थी व तरुणी मिळून सुमारे १०,००० जण आहेत.

विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे थांबावे. ही मुले राष्ट्राची रक्षक, की राष्ट्राने ज्यांचे रक्षण करावयास हवे होते ती लेकरे? आपल्या मृतांना आदराने आठवणे हे माणुसकीचेच लक्षण आहे. परंतु त्यांना देवपद दिले म्हणून त्यांना मरणाच्या दारी कोणी पाठविले हा प्रश्न मिटत नाही.

आज त्याच मंदिरात जपानी आईबाप आपल्या तीन, पाच व सात वर्षांच्या मुलांना नवे कपडे घालून आणतात आणि त्यांना दीर्घायुष्य लाभो अशी प्रार्थना करतात.