युद्धात बंदी, शिकारीत सक्ती! पिस्तुलाची गोळी नेमकी कशी निवडतात?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन कांस्यपदके जिंकली आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारात शूटऑफनंतर ती चौथी आली. त्याआधी कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक पटकावले होते. अशा कामगिरीनंतर चर्चा होते ती नेमबाजाच्या एकाग्रतेची आणि पिस्तुलाची. पिस्तुलातून सुटणाऱ्या गोळीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. प्रत्यक्षात गोळीची निवड हे एक वेगळेच शास्त्र आहे. सरावासाठी जी गोळी उत्तम, तीच शिकारीत क्रूर ठरते. शिकारीत जी गोळी कायद्याने सक्तीची असते, तीच युद्धात वापरायला बंदी आहे. असे का, ते समजून घेऊ.

गोळी आणि काडतूस यांत फरक काय?

‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी आपण नेहमी वाचतो. बोलताना आपण काडतुसालाच गोळी म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. घोडा दाबल्यावर प्रायमर पेटतो, दारू जळून वायू तयार होतो आणि त्या दाबाने फक्त गोळी नळीतून बाहेर पडते. पुंगळी मागेच राहते.

गोळीचे वजन ‘ग्रेन’ या जुन्या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. नेमबाजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या .२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. नावात रायफल असले तरी हेच काडतूस पिस्तुलातही वापरतात. ९ मिमी पिस्तुलात ११५, १२४ आणि १४७ ग्रेन ही वजने प्रचलित आहेत. अमेरिकेत शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची असते.

सरावाची गोळी कशी हवी?

सरावात आणि स्पर्धेत गोळीकडून एकच अपेक्षा असते : आधीची जिथे लागली तिथेच पुढचीही लागावी. ताकदीला इथे महत्त्व नाही. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर असतो. तिथे जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे, साडेचार मिलिमीटर व्यासाचे शिशाचे पेलेट वापरतात. त्याचे तोंड चपटे असते. चपट्या तोंडामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पडते. टोकदार गोळीने कागद फाटतो आणि भोक रेषेला टेकले की नाही, यावरून वाद होतो. या आकाराला ‘वॉडकटर’ म्हणतात. सेंटर फायर पिस्तूल प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .३२ काडतुसाची गोळीही अशीच चपट्या तोंडाची असते.

२५ मीटर पिस्तूलमध्ये .२२ चे काडतूस लागते. त्याच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दूर जाते. त्या तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची असते. काडतूस जास्त जोरदार असेल तर झटका वाढतो आणि हाताची लय बिघडते. शिवाय स्पर्धेच्या पिस्तुलांची स्प्रिंग सौम्य काडतुसांसाठीच जुळवलेली असते. म्हणून नेमबाज ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाची काडतुसे निवडतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी लागते. तांब्याचे आवरण असलेली गोळी चालत नाही.

एकाच कंपनीची काडतुसे, तरी निकाल वेगळा का?

.२२ च्या काडतुसात प्रायमरचे रसायन पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असते. ते किती समान पसरले आहे, दारू किती अचूक भरली आहे, गोळीला मेण किती लागले आहे, यात प्रत्येक उत्पादनात किंचित फरक पडतो. प्रत्येक पिस्तुलाची नळीही वेगळी असते. त्यामुळे एका नेमबाजाला उत्तम लागणारी काडतुसे दुसऱ्याच्या पिस्तुलात साधारण ठरू शकतात.

यावर उपाय म्हणजे ‘बॅच टेस्टिंग’. इंग्लंडमधील एली किंवा फिनलंडची लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत शस्त्र शिकंज्यात घट्ट बसवतात आणि वेगवेगळ्या बॅचची काडतुसे झाडून गोळ्यांचा जमाव किती घट्ट पडतो ते मोजतात. सर्वांत घट्ट जमाव देणारी बॅच नेमबाज एकरकमी विकत घेतो आणि मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवतो. बॅचचा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत १०.२ किंवा अधिक गुणांचा नेमच ‘हिट’ धरला जातो, त्याखालचा शून्य. अशा वेळी काही मिलिमीटरचा फरक पदक ठरवतो.

शिकारीची गोळी वेगळी का?

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने शिकार करण्याची परंपरा प्रामुख्याने अमेरिकेत आहे. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणि १९५५ मध्ये .४४ मॅग्नम काडतूस आल्यावर ती वाढली. इथे गोळीचे काम कागदाला भोक पाडून संपत नाही. जनावर कमीत कमी वेळात मरावे, जखमी होऊन रानात पळू नये, ही शिकारीची नैतिक अट मानली जाते आणि तिथल्या कायद्यांनीही ती उचलून धरली आहे.

पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाऊ शकते. जखम अरुंद राहते, जनावर पळते आणि तासन्‌तास तडफडते. म्हणून हरणासारख्या प्राण्यासाठी टोकाला खळगा असलेली ‘हॉलो पॉइंट’ किंवा टोकाला शिसे उघडे ठेवलेली ‘सॉफ्ट पॉइंट’ गोळी वापरतात. मांसात शिरताच ती छत्रीसारखी उघडते आणि रुंद जखम करते.

मात्र फक्त उघडणे पुरेसे नाही. वेग कमी पडला तर खळगा उघडतच नाही. वेग फार जास्त असेल तर गोळी वरच्या थरातच फुटते आणि हृदय-फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. स्वसंरक्षणासाठी बनवलेली हलकी हॉलो पॉइंट गोळी मोठ्या जनावरावर म्हणूनच अपुरी ठरते. जाड कातडीच्या रानडुकरासाठी किंवा अस्वलासाठी अनेक शिकारी उलट मार्ग धरतात : कठीण शिशाची, रुंद चपट्या तोंडाची, जड गोळी. ती फारशी उघडत नाही, पण खोल जाते.

ऊर्जेचा हिशेब पाहिला की फरक स्पष्ट होतो. एअर पिस्तूलचे पेलेट साधारण पाच-सहा जूल ऊर्जा घेऊन निघते. पिस्तुलातून सुटलेल्या .२२ च्या गोळीत सुमारे १०० जूल असतात, तर .४४ मॅग्नममध्ये सुमारे १३०० जूल. सशासाठी किंवा खारीसाठी .२२ पुरते, हरणासाठी नाही. कोलोराडो राज्यात मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी पिस्तुलाची गोळी उघडणारीच हवी आणि ५० यार्डांवर तिच्यात किमान ५५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ७४५ जूल ऊर्जा उरली पाहिजे, असा नियम आहे.

स्वस्त काडतुसांवर सराव, महागड्यांवर शिकार?

हा मोह खर्चामुळे होतो. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल हे सौम्य आणि स्वस्त काडतूसही चालते. उलटे चालत नाही, कारण .३५७ ची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली आहे. त्यामुळे वर्षभर .३८ वर हात बसवणे सोपे जाते. मात्र गोळीचे वजन आणि वेग बदलला की ती लागण्याची जागाही बदलते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्या वेळात झटक्याने नळीचे तोंड वर उचलले जाते आणि जवळच्या अंतरावर गोळी वर लागते. म्हणून हंगामापूर्वी शिकारीच्याच काडतुसांवर नेम जुळवून घ्यावा लागतो. तसे न केल्यास त्याची किंमत जनावर मोजते.

मग युद्धात अशा गोळीवर बंदी का?

याचे मूळ भारतात आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम येथील ब्रिटिश शस्त्रागारात रायफलची एक गोळी तयार झाली. तिच्या टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले होते. शरीरात ती पसरायची. ‘डमडम बुलेट’ हे नाव तिथूनच आले. तिच्या भयंकर जखमांवरून युरोपात गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला.

युद्धात सैनिक लढाईतून बाद झाला तरी उद्देश साध्य होतो. त्यापुढच्या यातना अनावश्यक मानल्या गेल्या. शिकारीत जनावर जखमी होऊन जिवंत राहणे हीच अनावश्यक यातना ठरते. दोन्ही नियमांमागचा विचार यातना कमी करण्याचाच आहे, पण त्यातून गोळीबाबतचा निष्कर्ष उलटा निघाला.

शिशावर आक्षेप का?

शिकारीच्या गोळीचे शिसे मांसात बारीक कणांनी विखुरते. टाकून दिलेले अवशेष खाणाऱ्या गिधाडांना त्यातून विषबाधा होते. १९८२ मध्ये अवघे २२ पक्षी उरलेल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय गिधाडाला वाचवताना शिशाची विषबाधा हा मोठा अडथळा ठरला. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. पर्याय म्हणून तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नेम पुन्हा जुळवावा लागतो.

भारतात नियम काय आहेत?

भारतात हौसेसाठी शिकार करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका किंवा उभ्या पिकाचे नुकसान अशा कारणांसाठी अधिकृत वन अधिकारी लेखी आदेशाने अपवाद करू शकतात. त्यामुळे शिकारीच्या गोळीची निवड हा इथल्या सामान्य परवानाधारकापुढचा प्रश्नच नाही.

काडतुसांना शस्त्र कायदा, १९५९ लागू आहे. परवान्याशिवाय काडतूस बाळगणे किंवा बनवणे हा गुन्हा आहे. ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

नवख्या नेमबाजाने काय लक्षात ठेवावे?

- सुरुवात एअर पिस्तूलने होते. महागडी पेलेट घेण्यापेक्षा एकाच प्रकारची, एकाच बॅचची पेलेट सातत्याने वापरणे फायद्याचे.
- नळीवर लिहिलेला आणि खोक्यावर छापलेला कॅलिबर तंतोतंत जुळला पाहिजे. ‘जवळपास तेवढाच’ चालत नाही.
- डबीत दबलेली किंवा कडा वाकलेली पेलेट बाजूला काढावीत. ती नेम चुकवतात.
- पेलेट आणि .२२ च्या गोळ्या शिशाच्याच असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी हे कटाक्षाने पाहावे.
- बंद रेंजमध्ये हवा खेळती आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रायमरच्या धुरातही शिशाचे कण असतात.