0.2 मिलिमीटरचा हिशोब

दौंडहून सुटलेली एक्स्प्रेस पाटस, केडगाव, यवत, उरुळी मागे टाकून थेट पुणे गाठते. अन्ननलिकेचा कर्करोगही मधली स्टेशनं अशीच गाळतो. नळी जेमतेम 25 सेंटिमीटरची, पण अस्तराखाली लसिकावाहिन्यांचं जाळं वरपासून खालपर्यंत उभं पसरलेलं. छातीतल्या गाठीतून सुटलेली पेशी शेजारची लसिकाग्रंथी सोडून मानेत किंवा जठरापाशी जाऊन बसते.

नळीची भिंत साधारण 3 ते 4 मिलिमीटर. रोग सगळ्यात वरच्या थरात असेल तर ग्रंथींपर्यंत तो क्वचितच पोचलेला असतो. दुर्बिणीतूनच तेवढा भाग खरवडून काढता येतो. त्याखालच्या थरात 0.2 मिलिमीटरच्या पुढे उतरला, की धोका एकदम वाढतो आणि ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

ग्रंथी शोधणं आणखी अवघड. सीटी स्कॅनमध्ये 10 मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद धरतात. पण 2 मिलिमीटरची रोगाची वस्ती अगदी साध्या दिसणाऱ्या ग्रंथीतही दडून राहते. म्हणून सर्जन नळीबरोबर छाती-पोटातल्या ग्रंथीही काढतो. जपानमध्ये बरेचदा मानेतल्याही काढतात. आवाजाच्या बारीक नसेला चिकटलेल्या ग्रंथी सोडवताना हात जरा चुकला तर आवाज बसतो. निदान 15 ग्रंथी तपासायच्या, हा प्रचलित दंडक. त्यांत 1-2 बाधित निघाल्या तर एन-1, 3 ते 6 म्हणजे एन-2, 7 किंवा जास्त म्हणजे एन-3. आकडा चढेल तशी आशा उतरते.

रोग पुढे सरकलेला असेल तर थेट चाकू लावत नाहीत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत आधी 5 आठवडे केमो आणि शेकाच्या 23 बैठका दिल्या, मग ऑपरेशन. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात, काढलेल्या भागात जवळपास निम्म्या पेशंटांच्या बाबतीत जिवंत कर्करोग सापडलाच नाही.

भारतात दरवर्षी सुमारे 70 हजार नवे पेशंट सापडतात. तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं, आणि मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. नळी 13 मिलिमीटरच्या आसपास आक्रसली, की घास अडकू लागतो. तोवर रोग बहुधा स्नायूपर्यंत पोचलेला असतो. तेव्हा शिरूर असो वा दौंड, भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरेनाशी झाली, तर पित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नका. त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या.