कापसाच्या नावाचे गाव, दातांचा व्यापार

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील यूमा शहराजवळून मेक्सिकोची हद्द ओलांडली की लॉस अल्गोडोनेस लागते. स्पॅनिश भाषेत अल्गोदोन म्हणजे कापूस. पण हे गाव जगते दातांवर! लहानशा वस्तीत शेकडो दंतवैद्य आहेत. म्हणून लोक त्यास 'दाढांचे शहर' म्हणतात.

हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातील निवृत्त मंडळी अलीकडे मोटार उभी करून पायी हद्द ओलांडतात. दात, चष्मा, औषधे, थोडी खरेदी उरकून संध्याकाळी परत. कारण उघड आहे. अमेरिकेतील वृद्धांची 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना नेहमीच्या दंतोपचाराचा खर्च देत नाही. मेक्सिकोत तेच काम बऱ्याच कमी पैशांत होते. परतताना अमेरिकन रहिवाशास साधारण ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात पडत नाही. मात्र २००९ पासून पासपोर्ट किंवा तत्सम ओळखपत्र लागते.

अडचण पुढेच येते. बसवलेला दात महिन्याने दुखू लागला तर? गिऱ्हाईक शेकडो मैल दूर गेलेले असते. तेव्हा पहिल्या खेपेस त्याला भाव आणतो, दुसऱ्या खेपेस विश्वास. आपल्या कारागीर-व्यापारी बांधवांनीही दूरच्या गिऱ्हाइकास माल देताना दुरुस्तीची हमी पावतीवरच लिहून द्यावी.